खासगी कंपनीचे तारणी डिबेंचर: कोर्टात टिकेल असा कागद, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तारखेला

डिबेंचर म्हणजे कंपनीने कर्ज घेतल्याचा रोखा. त्याचे सर्टिफिकेट हातात आले की आपले पैसे सुरक्षित झाले, असे गुंतवणूकदार धरून चालतो. बोर्डाचा ठराव झाला, खात्यात पैसे आले, आता काम संपले, असे कंपनीचा मालक समजतो. व्याज थकले की दोघेही वकिलाकडे धावतात. वकील मग सर्टिफिकेट बाजूला ठेवून विचारतो, ट्रस्ट डीडवर (धारकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या ट्रस्टीशी केलेल्या करारावर) सही कधी झाली, मुद्रांक शुल्क कधी भरले, बोजा कधी नोंदला? तिथे गाडी अडते, कारण सगळे कागद बहुतेक वेळा असतात, पण त्यांच्या तारखा उलट्यासुलट्या असतात.

हा लेख एका ठरावीक प्रकारापुरता आहे. समजा, पुण्याजवळची एक खासगी कंपनी आहे, शेअर बाजारात नोंदलेली नाही. तिला ओळखीच्या चाळीस जणांकडून अपरिवर्तनीय (शेअरमध्ये रूपांतर न होणाऱ्या), तारणी डिबेंचरवर १० कोटी रुपये उभारायचे आहेत. आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ याच प्रकारात होतात. शेअरमध्ये रूपांतर होणारे डिबेंचर असेल तर कलम ७१ नुसार आधी विशेष ठराव लागतो आणि पुढची वाटही वेगळी होते. तो विषय इथे घेतलेला नाही.

टप्पा १. आधी ठरवा: हे डिबेंचर आहे की ठेव?

या पायरीवर चूक झाली तर पुढचे सगळे नीट करूनही उपयोग नाही, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २(३०) मधली डिबेंचरची व्याख्या मोठी आहे. कंपनीने कर्ज घेतल्याचा पुरावा देणारा जवळपास कुठलाही रोखा तिच्यात बसतो, मग तारण असो वा नसो. ही व्याख्या वाचून अनेक जण म्हणतात, मग तारणाची कटकट कशाला, विनातारण डिबेंचर काढू. पण त्याच कायद्याखालचे २०१४ चे ठेवींचे नियम वेगळ्या बाजूने पाहतात. डिबेंचरचा पैसा ‘ठेव’ धरला जाऊ नये, तर त्याला कंपनीच्या मालमत्तेवर पहिला बोजा हवा, किंवा पहिल्या बोजाच्या बरोबरीने उभा राहणारा बोजा हवा. पेटंट, ट्रेडमार्क, गुडविल अशा अमूर्त मालमत्तेवरचा बोजा यासाठी चालत नाही. शिवाय नोंदणीकृत मूल्यांककाने काढलेल्या बाजारभावापेक्षा डिबेंचरची रक्कम जास्त असता कामा नये. विनातारण अपरिवर्तनीय डिबेंचरला सूट आहे, पण ते मान्यताप्राप्त शेअर बाजारात नोंदलेले असले तरच.

म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कंपनीने व्यक्तींकडून विनातारण डिबेंचरवर पैसे घेतले तर कायद्याच्या नजरेत तिने ठेवी गोळा केल्या. कलम ७३ पासूनची सगळी बंधने मग लागू होतात आणि बाहेरच्या माणसांकडून ठेवी घेणे खासगी कंपनीला जमतच नाही. पैसे देणारी दुसरी कंपनी असेल तर गोष्ट वेगळी, कारण एका कंपनीने दुसरीकडून घेतलेली रक्कम ठेवीच्या व्याख्येबाहेर आहे.

आता खरी मेख. बहुतेक चालत्या कंपन्यांचा कारखाना, यंत्रे, माल, येणी, सगळे कॅश क्रेडिट देणाऱ्या बँकेकडे पहिल्या बोजाखाली आधीच अडकलेले असते. तेच तारण डिबेंचरधारकांना दिले तर तो झाला दुसरा बोजा. कागदावर ‘तारणी डिबेंचर’ असे ठळक अक्षरात छापा, दुसऱ्या बोजाने ठेवीच्या नियमातून सुटका होत नाही. उपाय दोनच आहेत. बँकेकडून बरोबरीच्या बोजाचे लेखी संमतिपत्र घ्यायचे, किंवा बँकेकडे न अडकलेली वेगळी मालमत्ता शोधायची.

सावधान: बँक मॅनेजरने ‘हरकत नाही’ म्हटले, याला किंमत नाही. पत्रात बरोबरीचा बोजा असे स्पष्ट शब्द हवेत आणि ते पत्र देकार (गुंतवणुकीचा लेखी प्रस्ताव) पाठवण्याआधीच्या तारखेचे हवे. नुसते ना-हरकत पत्र आणि बरोबरीच्या बोजाचे पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात आणखी एक टांगती तलवार आहे, ती म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा, बोलीभाषेत ‘एमपीआयडी’. पैसे बुडाले की गुंतवणूकदार आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात आणि ठेवीची व्याख्या तिथे फार व्यापक घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती व्यापकता मान्य केली आहे. ‘आमचे तर डिबेंचर होते’ एवढे उत्तर तिथे पुरत नाही.

टप्पा २. तारणाची झाडाझडती

जमीन तारण ठेवणार असाल तर ती कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहा. कंपनीच्या ताळेबंदात दिसणारी जागा सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर संचालकाच्या वैयक्तिक नावावर निघते, असे वरचेवर घडते. ती जागा कंपनीची मालमत्ता नाही, म्हणून तिच्यावरच्या बोजाने टप्पा १ मधली अट भागत नाही. जादा तारण म्हणून ती घ्यायला हरकत नाही.

एमआयडीसीचा भूखंड असेल तर कंपनी मालक नसते, भाडेपट्टेदार असते. भाडेपट्ट्यातले हक्क गहाण टाकायला महामंडळाची परवानगी लागते. ती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सर्वांत आधी करा. परवानगी हातात नसताना गहाण केले, तर मालमत्ता ताब्यात घ्यायच्या दिवशी तीच त्रुटी समोरचा वकील पुढे करतो.

तपासा:
- कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर कंपनीच्या नावापुढे दिसणाऱ्या बोजांची यादी. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून उघडा दिसत असेल तर बोजा फिटल्याचा फॉर्म सीएचजी-४ भरून तो आधी बंद करा.
- मालमत्तेचा शोध अहवाल, दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स-२ सह.
- मूल्यांकन अहवालावर नोंदणीकृत मूल्यांककाची सही. बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकक कंपनी कायद्याखाली नोंदलेला असतोच असे नाही.

टप्पा ३. अधिकार: कर्ज काढायची मुभा कोणी, कधी दिली?

आधी कंपनीची नियमावली (आर्टिकल्स) काढून वाचा. जुन्या कंपन्यांच्या नियमावलीत संचालकांच्या कर्जाधिकाराला ठरावीक रकमेची मर्यादा घातलेली असते आणि ती कोणाच्याच लक्षात नसते.

कलम १८०(१)(सी) प्रमाणे भरणा झालेले भांडवल, मुक्त राखीव निधी आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांच्या बेरजेपलीकडे कर्ज काढायचे तर सभासदांचा विशेष ठराव लागतो. या कलमातून खासगी कंपन्यांना ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने सूट आहे. परंतु वार्षिक विवरणे आणि ताळेबंद कंपनी निबंधकाकडे वेळेवर भरणाऱ्या कंपनीलाच ती सूट मिळते, अशी अट २०१७ मध्ये जोडली गेली. विवरणे थकलेली असतील तर सूट गेलीच म्हणून समजा.

पब्लिक कंपनीत पैसे गुंतवणाऱ्याने कलम १८०(५) जरूर वाचावे. मर्यादा ओलांडून काढलेले कर्ज वैध ठरत नाही. मर्यादा ओलांडली गेल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते आणि आपण सद्भावाने पैसे दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. ठरावाची प्रत मागून घेतली असेल तर हे सिद्ध करणे सोपे जाते.

यानंतर बोर्डाची सभा. डिबेंचर काढण्याचा ठराव कलम १७९(३) मध्ये येतो, म्हणून तो प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ सभेतच व्हायला हवा. कागद फिरवून, सगळ्यांच्या सह्या गोळा करून केलेला परिपत्रकी ठराव इथे चालत नाही. घरच्याच चार संचालकांच्या कंपनीत ही चूक हमखास होते.

दुसरी हमखास चूक एमजीटी-१४ ची, म्हणजे ठराव निबंधकाकडे दाखल करण्याच्या फॉर्मची. कलम १७९(३) चे ठराव निबंधकाकडे पाठवण्यापासून खासगी कंपन्यांना सर्वसाधारण सूट आहे आणि ही सूट सगळ्यांना तोंडपाठ असते. मात्र खासगी वाटपाच्या (मोजक्या, आधी ठरवलेल्या लोकांना रोखे देण्याच्या) नियम १४(८) मध्ये नेमक्या या ठरावापुरती ती काढून घेतली आहे. ठराव निबंधकाकडे दाखल झाल्याशिवाय देकारपत्र पाठवता येत नाही. देकार १ तारखेचा आणि एमजीटी-१४ दहा तारखेचा असेल, तर उलटा क्रम पोर्टलवर कायमचा नोंदला जातो. पुढे कितीही दंड भरला तरी त्या तारखा बदलत नाहीत.

टप्पा ४. ट्रस्टी आणि ट्रस्ट डीड

‘पाचशेपेक्षा कमी माणसे आहेत, ट्रस्टी कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. पाचशेची अट कलम ७१(५) मध्ये आहे हे खरे. पण तारणी डिबेंचरसाठी भांडवल व डिबेंचर नियम, २०१४ मधला नियम १८ वेगळा लागू होतो आणि तिथे संख्येचा प्रश्नच नाही. तारण दिले की ट्रस्टी आलाच. त्याची नेमणूक देकारपत्र पाठवण्याआधी व्हायला हवी आणि ट्रस्ट डीड वाटपानंतर ६० दिवसांच्या आत व्हायला हवे.

ट्रस्टी कोण होऊ शकत नाही, तेही याच नियमात आहे: कंपनीचा प्रवर्तक, संचालक, नोकर, शेअर धरणारा, कंपनीला देणे लागणारा, कर्जफेडीला जामीन राहिलेला. कंपनीचे शेअर धरणारा नातेवाईक किंवा कंपनीचा पगारी अकाउंटंट अशा घरगुती नेमणुका इथेच बाद होतात. थोडे शुल्क जास्त गेले तरी सेबीकडे नोंदलेला ट्रस्टी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. वसुलीच्या वेळी त्याच्याकडे माणसे आणि पद्धत दोन्ही तयार असतात.

डीडचा नमुना एसएच-१२ मध्ये दिलेला आहे. नमुना भरला की झाले असे समजू नका. नमुन्याबाहेर खालच्या गोष्टी नीट लिहून घ्या, कारण भांडण इथेच होते:

- थकबाकी कधी मानायची? व्याजाच्या ठरल्या दिवसापासून किती दिवसांची सवलत? सवलत लिहिलेली नसेल तर कंपनी ‘परंपरेने महिनाभर चालते’ असा बचाव घेते.
- कारवाईचा निर्णय किती धारकांनी घ्यायचा? मूल्याने की डोकी मोजून? सभा बोलावण्यासाठी नियमानुसार थकीत डिबेंचरच्या एक दशांश मूल्याची मागणी पुरते. ठराव पास करण्याचे बहुमत मात्र डीडमध्ये लिहायचे असते.
- ट्रस्टीने अमुक दिवसांत हालचाल केली नाही तर एकट्या धारकाला कोर्टात जाता येईल का? याबद्दल डीड गप्प असेल तर धारक वर्षभर नुसती पत्रे लिहीत बसतात.
- एक व्याज चुकले तर पूर्ण मुद्दल लगेच मागता येईल का?

ट्रस्टीने योग्य काळजी घेतली नाही तरी त्याच्यावर जबाबदारी नाही, असे कलम डीडमध्ये घातले तर कलम ७१(७) ते रद्द धरते. तारणी डिबेंचरची मुदत साधारणपणे वाटपापासून १० वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पायाभूत सुविधा कंपन्यांसारख्या काही ठरावीक प्रकारांना ३० वर्षांपर्यंत मुभा आहे.

कायदा डीडसाठी साठ दिवस देतो, पण ते वापरू नका. पैसे आले, वाटप झाले आणि गहाण अजून झालेले नाही, अशा मधल्या काळात धारकाच्या हातात तारण नसलेला रोखा असतो. त्या काळात कंपनीच्या मालमत्तेवर दुसऱ्या कोणी जप्ती आणली तर बोलायची सोय उरत नाही. ठेवीचा प्रश्नही पुन्हा उभा राहतो. डीड आणि तारणाचे कागद वाटपाच्या दिवशीच, शक्यतो वाटपाच्या आधी सही करा.

टप्पा ५. डीमॅट

लहान कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या खासगी कंपन्यांना आता कुठलाही रोखा डीमॅट स्वरूपातच काढावा लागतो. त्यासाठीची वाढवलेली मुदत ३० जून २०२५ ला संपली. नवा देकार देण्याआधी प्रवर्तक, संचालक आणि मुख्य अधिकाऱ्यांचे सगळे शेअर डीमॅट झालेले असले पाहिजेत, ही यातली विसरली जाणारी अट. आजोबांच्या नावचे शंभर शेअर कपाटात कागदावर पडलेले असतील तर आधी तो वारसाहक्क निस्तरा. शेअरसाठी काढलेला आयएसआयएन (रोख्याचा ओळख क्रमांक) डिबेंचरला चालत नाही, त्याला वेगळा घ्यावा लागतो.

टप्पा ६. देकार, पैसे, वाटप

कलम ४२ खालचे खासगी वाटप म्हणजे नावे आधी ठरवून केलेला देकार. बोर्डाने कोणाकोणाला विचारायचे ती यादी नोंदवायची आणि त्यानंतर ३० दिवसांच्या आत, अनुक्रमांक घातलेले पीएएस-४ हे देकार-नि-अर्जपत्र ज्याच्या त्याच्या नावाने पाठवायचे. ते पत्र दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून अर्ज भरवता येत नाही. एका आर्थिक वर्षात एका प्रकारच्या रोख्यासाठी २०० जणांची मर्यादा आहे. इथे पैसे देणारे मोजत नाहीत, ज्यांना देकार दिला ते सगळे मोजतात.

सावधान: ‘१२ टक्के व्याज, तारणासह, मोजक्या जागा’ असा मजकूर सोसायटीच्या किंवा नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की खासगी वाटप तिथेच मोडले. जाहिरात, एजंट, मार्केटिंग यांतले काहीही चालत नाही. अटी मोडल्या की कायदा तो सार्वजनिक देकार समजतो. सहारा प्रकरणात कोट्यवधी लोकांना विकलेले परिवर्तनीय डिबेंचर ‘खासगी वाटप’ म्हणून दाखवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ ला ते मान्य केले नाही आणि १५ टक्के व्याजासह पैसे परत करायला सांगितले. आपली कंपनी छोटी असली तरी तत्त्व तेच.

पैशांचे नियम थोडे आहेत, पण काटेकोर आहेत. रोख रक्कम नाही. पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातूनच यायला हवेत. वडिलांचा अर्ज आणि मुलाच्या खात्यातून आरटीजीएस, असे झाले तर रक्कम परत पाठवून पुन्हा मागवा. पैसे शेड्युल्ड बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. वाटप होऊन पीएएस-३ हे वाटपाचे विवरणपत्र दाखल होईपर्यंत त्यातला रुपयाही वापरायचा नाही.

जुनी हातउसनी रक्कम हिशेबात उलटी नोंद करून डिबेंचरमध्ये ‘फिरवणे’ ही युक्ती टाळा. बँकेतून पैसा आल्याचा पुरावा नसतो. शिवाय जुन्या विनातारण कर्जाला मागाहून तारण दिले असे दिसते आणि कंपनी दिवाळखोरीत गेल्यास असा व्यवहार रद्द होऊ शकतो. दिवाळखोरी संहितेचे कलम ४३ यासाठी मागे वळून पाहते, संबंधित व्यक्तींच्या बाबतीत २ वर्षे आणि इतरांच्या बाबतीत १ वर्ष.

तारखांचा हिशेब असा. अर्जाचे पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप. ते जमले नाही तर पुढच्या १५ दिवसांत परतफेड. तीही चुकली तर साठाव्या दिवसानंतर वर्षाला १२ टक्के व्याज. वाटपापासून १५ दिवसांत पीएएस-३. म्हणजे वाटप १० जूनला झाले तर पीएएस-३ ची शेवटची तारीख २५ जून.

कलम ४२ मोडल्याचा दंड उभारलेली रक्कम किंवा २ कोटी रुपये, यातली जी कमी असेल तिथपर्यंत जातो आणि आदेशानंतर ३० दिवसांत पैसे व्याजासह परत करावे लागतात.

परदेशात राहणाऱ्या भावाला किंवा मुलीला यात घ्यायचे असेल तर देकार पाठवण्याआधी परकीय चलनाचे नियम वेगळे तपासून घ्या. वाटपानंतर ती चूक दुरुस्त करणे जिकिरीचे आहे.

टप्पा ७. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी

इथे दोन वेगवेगळी शुल्के आहेत आणि एक भरले की दुसरे माफ होत नाही.

पहिले शुल्क डिबेंचरवरचे. १ जुलै २०२० पासून हे देशभर एकसारखे आहे: नव्याने काढताना ०.००५ टक्के आणि हस्तांतराला ०.०००१ टक्के. १० कोटींच्या डिबेंचरवर ते ५,००० रुपये होते. डीमॅट असेल तर ते डिपॉझिटरीमार्फत वसूल होते.

दुसरे शुल्क ट्रस्ट डीड, गहाणखत, हायपोथिकेशन (जंगम मालमत्तेचे तारण) यांवरचे. ते राज्याचे, म्हणजे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ प्रमाणे. मालमत्तेचा प्रकार आणि कागदाचा प्रकार यांवर दर बदलतो आणि दर वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून ग्रास या सरकारी भरणा पोर्टलवरचे चलन काढायच्या दिवशीच अनुच्छेद पाहा. चूक होते ती अशी: पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर ट्रस्ट डीड करतात आणि त्याच डीडच्या आत गहाणाचे कलम घालतात. मग ते डीड नावाला ट्रस्ट डीड राहते आणि शुल्क गहाणखताचे लागते.

राज्याच्या कायद्यात शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे असते. कमी शुल्काचा कागद कलम ३४ मुळे पुराव्यात वाचता येत नाही. तो शून्यवत होत नाही. शुल्काची त्रुटी भरून काढता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १३ डिसेंबर २०२३ ला स्पष्ट केले आहे. परंतु भरून काढायची म्हणजे कमी पडलेले शुल्क आणि वर दरमहा २ टक्क्यांनी दंड. तोवर तुमचे प्रकरण थांबलेले असते आणि कंपनीला हवा असलेला वेळ आयता मिळतो.

स्थावर मालमत्तेचे गहाणखत करणार असाल तर सहीपासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. फक्त मूळ दस्त ठेवून गहाण करणार असाल तर नोंदणी अधिनियमात महाराष्ट्राने घातलेल्या तरतुदीप्रमाणे ३० दिवसांत सूचनापत्र दाखल करावे लागते. मूळ दस्त कोणी, कोणाकडे, कुठे आणि कोणत्या तारखेला दिले, याचे टिपण ट्रस्टीच्या सहीने ठेवा.

टप्पा ८. बोजाची नोंद

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथली आहे.

डिबेंचरच्या बोजासाठी सीएचजी-९ हा फॉर्म आहे. इतर कर्जांचा सीएचजी-१ भरून चालत नाही. बोजा निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत तो भरायचा. चुकल्यास जादा शुल्क देऊन ६० दिवसांपर्यंत, आणि त्यानंतर मूल्यावर आधारित चढे शुल्क देऊन आणखी ६० दिवस, म्हणजे एकूण १२० दिवसांपर्यंत. त्यापुढे दार बंद. पूर्वी उशीर माफ करून घेण्याची सोय होती. २ नोव्हेंबर २०१८ नंतरच्या बोजांना ती राहिलेली नाही.

दिवस कधीपासून मोजायचे? बोजा निर्माण झाल्याच्या तारखेपासून. वाटपाच्या तारखेपासून नाही. गहाण ५ जूनला आणि वाटप १० जूनला असेल तर मोजणी ५ जूनपासून.

बोजा नोंदला नाही तर कलम ७७(३) म्हणते की अवसायक (कंपनी गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी) किंवा दुसरा कोणताही धनको त्याची दखल घेणार नाही. कर्ज राहते, परतफेडीची जबाबदारीही राहते, पण कंपनी बुडताना तुम्ही तारणी धनकोंच्या रांगेतून खाली येता. १० कोटींच्या तारणाचा उपयोग ज्या एका दिवशी होणार, त्याच दिवशी तो नसतो.

कंपनी टाळाटाळ करत असेल तर कलम ७८ प्रमाणे ट्रस्टी स्वतः नोंदणीसाठी अर्ज करू शकतो. कंपनीच्या भरवशावर बसायची गरज नाही.

तपासा: गुंतवणूकदाराने निबंधकाचे बोजा नोंदणी प्रमाणपत्र मागावे. फॉर्म भरल्याची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्रावर ट्रस्टीचे नाव, रक्कम आणि मालमत्तेचे वर्णन डीडशी जुळते का, ते ओळीने वाचा. सर्व्हे नंबरमधला एक आकडा चुकला असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

टप्पा ९. मुदतीच्या काळात

हे थोडक्यात. शेअर बाजारात न नोंदलेल्या, आपल्या उदाहरणातल्यासारख्या कंपनीला थकीत डिबेंचरच्या १० टक्के इतका डिबेंचर परतफेड राखीव निधी ठेवावा लागतो. येत्या ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षात ज्यांची मुदत भरते, त्यांच्या १५ टक्के रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळी गुंतवावी लागते. ताळेबंदात डिबेंचरचे देणे स्पष्ट दाखवले आहे ना, हे धारकांनी दरवर्षी पाहावे. पुढे मुदतीच्या वादात ती नोंद कर्जाची कबुली म्हणून उपयोगी पडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केले आहे. विमा, मालमत्ता कर, एमआयडीसीचे भाडे थकले तर तारणाची किंमत घटते, म्हणून ट्रस्टीने पावत्या मागत राहावे.

टप्पा १०. थकल्यावर: कोणत्या दाराने जायचे?

आधी ट्रस्टीमार्फत लेखी नोटीस. डीडमधला पत्ता, डीडमधली मुदत, डीडमधली पद्धत. नोटीस फक्त ईमेलने चालेल का, हे डीड वाचूनच ठरवा. नोटीस चुकली तर पुढचा अर्ज बिनचूक असूनही परत येतो.

त्यानंतरचे मार्ग असे.

कलम ७१(१०). मुद्दल वेळेवर फेडले नाही किंवा व्याज दिले नाही तर ट्रस्टी किंवा एखादा डिबेंचरधारकसुद्धा राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात जाऊ शकतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबई खंडपीठ. किमान रकमेची अट नाही. छोट्या धारकासाठी मला हा सर्वांत सरळ रस्ता वाटतो, तरी लोक तो विसरून थेट दिवाळखोरी संहितेकडे धावतात.

दिवाळखोरी संहितेचे कलम ७. डिबेंचरचे देणे हे वित्तीय कर्ज आहे आणि थकबाकी किमान १ कोटी हवी. इथे अडचण अशी की ज्यांच्यासाठी ट्रस्टी नेमलेला आहे अशा धारकांना एकेकट्याने जाता येत नाही. त्याच वर्गातले किमान १०० किंवा १० टक्के धारक एकत्र यावे लागतात. आपल्या उदाहरणात चाळीस धारक आहेत, म्हणजे चार जण पुरतात. ट्रस्टीला अर्ज करता येतो, त्यासाठी २७ फेब्रुवारी २०१९ ची अधिसूचना आहे. मात्र ही प्रक्रिया सगळ्या धनकोंसाठी असते. बँकेचे कर्ज मोठे असेल तर धनकोंच्या समितीत मताचे वजन बँकेचे असते, हे आधी मोजून घ्या.

सरफेसी (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) आणि कर्जवसुली न्यायाधिकरण. ट्रस्टीसाठीची ही वाट शेअर बाजारात नोंदलेल्या रोख्यांसाठी घडवलेली आहे, सेबीकडे नोंदलेला ट्रस्टी लागतो आणि ९० दिवसांची नोटीस लागते. नोंद नसलेल्या डिबेंचरचे धारक ‘बँकेसारखा कारखान्याला कुलूप लावू’ म्हणतात, ते इथे अडते.

दिवाणी दावा. पैशाच्या वसुलीसाठी मुदत ३ वर्षे, स्थावर गहाणाच्या जोरावर दावा असेल तर १२ वर्षे. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो.

दिवाळखोरीच्या अर्जालाही थकबाकीपासून ३ वर्षेच मिळतात. ‘पुढच्या दिवाळीला देतो’ या तोंडी शब्दावर वर्षे घालवू नका. तसे म्हणायचेच असेल तर कंपनीने लेटरहेडवर, सही-तारखेसह, बाकी रक्कम लिहून म्हणावे. मुदत संपण्याआधी मिळालेल्या अशा लेखी कबुलीपासून मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावर मिळालेल्या कबुलीचा तसा उपयोग नाही.

संचालकांशी बोलणी करताना एक कलम हाताशी ठेवा. डिबेंचरची परतफेड किंवा व्याज चुकले आणि ती चूक वर्षभर तशीच राहिली, तर कलम १६४(२) खाली त्या कंपनीच्या संचालकांना ५ वर्षे कोणत्याही कंपनीत नव्याने नेमता येत नाही. ज्यांच्या चार-पाच कंपन्या आहेत, त्यांना ही गोष्ट व्याजाच्या रकमेपेक्षा लवकर समजते. म्हणून थकबाकीची पहिली नोटीस पाठवताना तिच्यात हे कलम आणि वर्ष पुरे होण्याची तारीख, दोन्ही लिहा.